रोजच्या ओवीची सोबत

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या मदतनिधी कार्यक्रमात मंडळाने आम्हाला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही कोणी प्रवचनकार किंवा पंडित नाही. सालमिया, अब्बासिया, मंगाफ अशा वेगवेगळ्या भागांत राहणारी आम्ही मोजकी कुटुंबं. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी घरी थोडं ग्रंथवाचन करायचं आणि जमेल त्या शुक्रवारी कोणाच्या तरी घरी चहा-पोह्यांबरोबर त्यावर बोलायचं, एवढाच आमचा उपक्रम. पण आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "हे रोज रोज पोथी वाचून तुम्हाला नेमकं मिळतं काय हो?" आज त्याचंच उत्तर, आम्हाला सापडलं तेवढं, आपल्यासमोर ठेवायचं आहे.

मंडळी, आपण इथे आलो ते काही वर्षांसाठी. कुवेतमधलं आपलं राहणं इकाम्यावर आणि इकामा नोकरीवर. इथे कितीही वर्षं काढली, मुलं इथेच वाढली, तरी एक दिवस सामान बांधायचं आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळे आपल्या प्रत्येक घरात एक प्रश्न कायम मुक्कामाला असतो. परत कधी जायचं? मुलीची बारावी झाल्यावर? घराचं कर्ज फिटल्यावर? आईला आता एकटीला ठेववत नाही, मग पुढच्याच वर्षी? नोकरी अचानक गेली तर? हा प्रश्न आपण फोनवर भावाला विचारतो, ऑफिसातल्या मित्राला विचारतो, रात्री छताकडे बघत स्वतःला विचारतो. उत्तरं पुष्कळ येतात आणि त्यांनीच गोंधळ वाढतो.

अशा वेळी माणूस ग्रंथाकडे वळतो तेव्हा त्याला एक तयार उत्तर हवं असतं. पोथी मध्येच कुठेतरी उघडायची, बोट ठेवायचं आणि त्या ओवीत आपल्या प्रश्नाचा कौल शोधायचा, असं करणारेही आहेत. त्यांच्या श्रद्धेला आम्ही नावं ठेवत नाही. पण आमचा अनुभव असा, की ग्रंथ त्या पद्धतीने वाट दाखवत नाही. मग कशा पद्धतीने दाखवतो?

गीतेकडेच पाहू या. सातशे श्लोकांचा हा ग्रंथ सुरू कुठे होतो? एका गोंधळलेल्या माणसापासून. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. हातातलं धनुष्य गळून पडलेला, काय करावं ते कळेनासा झालेला एक कर्तबगार माणूस. आपल्या पूर्वजांनी त्याच्या विषादालाही 'योग' म्हटलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गोंधळ झाला म्हणजे माणूस वाया गेला असं नाही. तिथूनच शिकणं सुरू होतं. आणि शेवट? अठरा अध्याय समजावून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की, मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे प्रत्यक्ष भगवंतांनीसुद्धा निर्णय अर्जुनाच्याच हाती ठेवला. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. ग्रंथ आपल्यासाठी निर्णय घेत नाही. निर्णय घेणारं मन तो शांत करतो, आणि ते एका दिवसात होत नाही. म्हणून रोज वाचायचं.

आता आपल्या मराठी माणसाचं भाग्य असं, की हे सगळं आपल्याला आपल्याच भाषेत सातशे वर्षांपूर्वी मिळालं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. त्या वेळी ज्ञानदेवांचं वय जेमतेम पंधरा-सोळा. आईबाप गेलेले, समाजाने वाळीत टाकलेलं. पण नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वतःच्या वाट्याला आलेल्या छळाची तक्रार नाही. आपण परदेशात थोडं काही सोसलं की किती बोलतो! नुसतं हे जरी रोज आठवलं तरी पुष्कळ झालं. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला, म्हणून ग्रंथ आपल्यापर्यंत नीट पोहोचला. लिहून घेणारा, शुद्ध करणारा, वाचणारा, ऐकणारा अशा कितीतरी हातांतून आलेली ही शिदोरी आहे.

ही शिदोरी बरोबर घेऊन घर सोडणारे आपण पहिले नव्हेत. कोकणातून आणि घाटावरून लोक मुंबईच्या गिरण्यांत आले. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी ती माणसं. गावाकडचं त्यांनी फारसं काही आणलं नव्हतं, पण भजन आणलं. गिरणगावच्या चाळीचाळींतून भजनी मंडळं उभी राहिली. सबंध दिवस यंत्रावर राबून आलेला माणूस रात्री टाळ घेऊन बसायचा. त्यांची मुंबई आणि आपलं कुवेत यांत अंतर फक्त समुद्राचं. आणि समुद्र तरी काय, इथल्या गलबतांचा आणि मुंबईचा व्यापार पिढ्यानपिढ्यांचा. १९६१ पर्यंत तर कुवेतमध्ये रुपयाच चालत होता!

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण संकट आलं की पोथी काय करते? प्रश्न रास्त आहे. कुवेतने संकटं पाहिली आहेत. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे आक्रमण झालं आणि आपली हजारो माणसं एका रात्रीत निर्वासित झाली. आयुष्यभराची कमाई इथे सोडून, बगदादमार्गे बसने अम्मान गाठून, तिथून एअर इंडियाच्या विमानांनी ती मायदेशी पोहोचली. जवळपास दोन महिन्यांत ४८८ उड्डाणं आणि एक लाखाहून अधिक माणसं! बँकेतलं काही बरोबर आलं नाही. जे पाठ होतं ते मात्र आलं. अशा दिवसांत हरिपाठ, मनाचे श्लोक किंवा लहानपणी शिकलेलं एखादं स्तोत्र यांचा किती आधार वाटतो, हे ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांनाच ठाऊक.

अलीकडचं म्हणाल तर २०२० चा मे महिना. १० मेपासून महिनाअखेरपर्यंत संपूर्ण संचारबंदी होती, आणि विमानं तर मार्चपासूनच बंद. त्या वर्षी कित्येकांच्या घरी वडीलधारी माणसं गेली आणि इथल्या लेकराला शेवटचं दर्शनही घेता आलं नाही. आमच्या गटातही हे दुःख आलं. आम्ही खोटं सांगणार नाही. दुसऱ्या अध्यायातलं आत्म्याचं विवेचन वाचून डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. पण संध्याकाळी ठरल्या वेळी फोनवर आठ-दहा घरं एकत्र यायची, एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. त्या घरातला माणूस रडला तरी ऐकणारं कोणीतरी होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी काय करायचं हे ठरलेलं होतं. दुःखाच्या दिवसांत हे ठरलेलं असणं फार मोठी गोष्ट आहे, मंडळी.

एरवीच्या साध्या दिवसांत वाचन काय करतं? तर वागण्यात कुठेतरी हळूच शिरतं. तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ज्ञानेश्वर महाराज चालण्याबद्दल सांगतात. कमळावर उतरणारा भुंगा आतले केसर दुखावतील म्हणून जपून पाय ठेवतो, तसं सज्जन माणसाचं जमिनीवर चालणं असतं. मग बोलण्याबद्दल सांगतात. तिथे माया आधी पोचते आणि शब्द मागाहून येतो. आता सकाळी साडेपाचला हे वाचून माणूस सात वाजता रिंग रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि पुढच्याने इंडिकेटर न देता गाडी घातली, तर लगेच संत होतो असं नाही. पण हॉर्नवर गेलेला हात एखादे दिवशी मागे येतो. हाताखालच्या कामगाराला ओरडताना एखादा शब्द गिळला जातो. त्या कामगाराच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नसते. जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं. पण चार वाजल्यानंतरही ऊन असतंच, आणि तेव्हा त्याला पाणी प्यायला पाच मिनिटं द्यायची की नाही, ते आपल्यापैकीच एखादा सुपरवायझर ठरवत असतो.

सहाव्या अध्यायात सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, अति झोपणाऱ्याला नाही आणि जागरण करणाऱ्यालाही नाही. ओव्हरटाइमच्या मागे धावून तब्येत घालवणाऱ्या आपल्या तरुणांना हे डॉक्टरांच्या आधी कोणीतरी सांगून ठेवलं आहे! अठराव्या अध्यायात तर आपलं नेमून दिलेलं काम नीट करणं हीच ईश्वराची पूजा, असं सांगितलं आहे. वेल्डिंग असो, नर्सिंग असो, हिशेब असोत किंवा घरी चार माणसांचा स्वयंपाक असो, कामाचीच फुलं वाहायची. परदेशात देऊळ जवळ नाही म्हणून हळहळणाऱ्याला हे वाचून किती बरं वाटतं!

समर्थांचा दासबोध घ्या. त्यांनी तर परमार्थाच्या आधी संसार नेटका करायला सांगितलं. 'पोथी वाचून पोट भरतं का' असं विचारणाऱ्यांना समर्थांनीच उत्तर देऊन ठेवलं आहे. दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणं आहेत. आमच्या शुक्रवारच्या बैठकीत हा समास निघाला की मोठी गंमत होते. पहिल्या काही ओव्यांना ओळखीचे लोक आठवून हशा पिकतो. पुढे पुढे खोली शांत होते, कारण एकेक लक्षण आपल्याच दारी येऊन उभं राहतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ग्रंथवाचन हे फक्त आपल्यातच आहे असं नाही. ज्या देशात आपण राहतो तिथे तर ते रोज डोळ्यांसमोर दिसतं. कुराणाचे वाचनाच्या सोयीसाठी ३० भाग केलेले आहेत, म्हणजे रमजानच्या महिन्यात रोज एक याप्रमाणे संपूर्ण वाचन होतं. आपले सहकारी ऑफिसात दहा मिनिटं मिळाली तरी ते पुस्तक उघडतात. नियम कसा पाळावा हे त्यांच्याकडून शिकावं. आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. रामायण व महाभारताचा अरबी अनुवाद करणारे अब्दुल्ला अल् बरून आणि ते प्रकाशित करणारे अब्दुल लतीफ अल् नसीफ हे दोघे कुवेतचेच. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी कुवेत भेटीवर आले तेव्हा या दोघांची आणि त्यांची भेट झाली, हे आपण वाचलं असेलच.

आपल्या मंडळातही सगळे एकाच ग्रंथाचे वाचक नाहीत, आणि तसं असण्याची गरजही नाही. गोव्याच्या आणि वसईच्या बांधवांना फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' ठाऊक असेल. १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलेला हा ग्रंथ मराठीत आहे आणि तोही ओवीत! ज्या छंदात ज्ञानदेव बोलले, त्याच छंदात एका इंग्रज पाद्रीने येशूची कथा सांगितली. कोणाच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज वाचला जातो. ग्रंथ ज्याचा त्याने निवडावा. रोज वाचावा, एवढंच आमचं म्हणणं.

आता व्यवहाराचं बोलू. "वेळ कुठे आहे?" हे उत्तर आम्ही खूपदा ऐकलं आहे. म्हणून थोडा हिशेब मांडतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण ९,०००. रोज २५ वाचल्या तर एका वर्षात ग्रंथ पूर्ण. रोज १० वाचल्या तर अडीच वर्षं. एवढ्या सुरुवातीला नको वाटत असतील तर बारावा अध्याय घ्या. भक्तियोगाचा हा अध्याय लहान आहे, २४७ ओव्यांचा. रोज १० धरल्या तर २५ दिवसांत होतो. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास. रोज एक घेतला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ हातावेगळा. गीतेचे रोज दोन श्लोक वाचले तरी वर्ष पुरतं. वेळ म्हणाल तर दहा-पंधरा मिनिटं. तेवढी आपण मोबाइलवर सकाळचे शुभेच्छा संदेश पुढे ढकलण्यात घालवतो.

जुनी मराठी समजत नाही ही दुसरी अडचण. तीही खरी आहे. त्यासाठी सार्थ प्रत घ्यावी. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी पुष्कळ घरांत असते. मुलांसाठी विनोबांची 'गीताई' उत्तम. संस्कृत गीता कळत नाही, तर तूच मराठीत का करत नाहीस, असं त्यांच्या आईने म्हटलं होतं आणि त्यातून पुढे गीताई झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे १८ अध्यायांवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. समोर बसलेले सगळे कैदी! तीच 'गीता-प्रवचने'. तुरुंगात अठरा रविवार जमू शकतात, तर कुवेतमध्ये एअर कंडिशनरखाली अठरा शुक्रवार जमायला काय हरकत आहे?

आमच्या गटाने चार साधे नियम ठरवले आहेत. वेळ आणि जागा एकच ठेवायची. मोठ्याने वाचायचं, म्हणजे घरातल्या मुलांच्या कानावर मराठी पडते. वाचून झाल्यावर मनात राहिलेली एक गोष्ट वहीत आपल्या शब्दांत लिहायची. आणि एखाद्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करत बसायचं नाही, तिथूनच पुढे जायचं. पारायणांची संख्या मोजण्यात आम्हाला रस नाही. नामदेवरायांनीही सगळ्या ग्रंथातली निदान एक ओवी तरी अनुभवून पाहा, असंच सुचवलं आहे. आमच्यातले काही जण सकाळी साडेपाचला गावाकडे फोन लावतात. तिकडे आठ वाजलेले असतात. आजोबा तिकडून वाचतात, नातू इकडून ऐकतो. नातवाला सगळं कळतं असं नाही, पण आजोबांना त्या दिवशी कोणीतरी वाट बघतंय हे कळतं.

मग 'परत कधी जायचं' या प्रश्नाचं काय झालं? आमच्यातली काही कुटुंबं परत गेली, काही राहिली. पोथीने कोणालाही तारीख सांगितली नाही. एवढं मात्र घडलं, की जी गेली ती घाबरून गेली नाहीत आणि जी राहिली ती केवळ शेजाऱ्याने मोठा फ्लॅट घेतला म्हणून राहिली नाहीत. नवरा-बायकोने रोज शेजारी बसून पंधरा मिनिटं एकच पान वाचलं की घरातली मोठी बोलणीही आवाज न चढवता होतात. आम्हाला मिळालेलं मार्गदर्शन म्हणाल तर हेच.

शेवटी, आज आपण ज्या कारणासाठी जमलो आहोत त्याबद्दल. या पुस्तिकेच्या जाहिराती आणि देणग्यांतून जमणारा निधी गावाकडच्या गरजू मुलांच्या शिक्षणासाठी जाणार आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणं हे आपलं कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. फळावर नजर ठेवून, कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि घेणाऱ्याचा अपमान करून, काळवेळ न पाहता दिलेलं ते तामस. पुस्तिकेत देणगीदारांची नावं छापली आहेत, त्यात वाईट काहीच नाही. नावं वाचून इतरांना देण्याची इच्छा होते. पण ज्या मुलाला वह्या-पुस्तकं मिळतील, त्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने ती मिळावीत, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यायची आहे. मंडळाचे कार्यकर्ते ती घेतात, हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

ज्ञानेश्वरी संपते ती पसायदानाने. एवढा ग्रंथ सिद्धीस नेल्यावर ज्ञानदेवांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावा, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, सर्वांनी एकमेकांशी मैत्रीने राहावं, हे मागितलं. शाळेत आपण सर्वांनी ते हात जोडून म्हटलेलं आहे. आज कार्यक्रमाच्या शेवटी आपण सर्व जण मिळून ते म्हणणारच आहोत. तेव्हा या वेळी शब्दांकडे थोडं लक्ष देऊन म्हणू या, आणि उद्या सकाळपासून घरातली पोथी, गाथा, बायबल, धम्मग्रंथ, जे असेल ते कपाटातून खाली काढू या. सुरुवातीच्या सार्थ प्रती ज्यांना हव्या असतील त्यांनी कार्यक्रमानंतर आमच्यापैकी कोणालाही भेटावं. पुढच्या शुक्रवारी पोहे आमच्याकडे!